हिमालयनच्या लिंकेजला ग्रीस लावताना

माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाईक मेन स्टँडवर लावून मागचं चाक वर उचललं की ‘टक्’ वाजायचं. महिनाभर मी चेनला दोष देत चेनच ताणत बसलो. दोष होता मोनोशॉकखालच्या लिंकेजमध्ये, म्हणजे मागचा एकुलता शॉकअब्सॉर्बर चाकाच्या दांड्याला जोडणाऱ्या सांध्यांमध्ये. चिपळूणहून पावसाळाभर कुंभार्ली घाट चढायचा म्हटल्यावर मागच्या चाकाचा चिखल त्या सांध्यांवरच बसणार. वरून स्प्रे मारून काही होत नाही, सील असतंच ते अडवायला. बोल्ट काढावेच लागतात.

गाडी मेन स्टँडवर घेतली की चाक अधांतरी राहतं आणि त्याचं वजन लिंकेजच्या बोल्टांवर लोंबतं. म्हणून टायरखाली फळ्या सरकवा. किती? नट काढल्यावर बोल्ट बोटांनी फिरायला लागेल इतक्या. एक फळी जास्त झाली तरी तो पुन्हा आवळून बसतो. कुठला बोल्ट कुठल्या बाजूने घातलाय, त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

माझा एक बोल्ट स्लीव्हमध्ये (तो ज्यातून जातो त्या धातूच्या नळीत) गंजून बसला होता. मी हातोड्याने ठोकला, आटे चेपले, नवा आणावा लागला. आता नट टोकापर्यंत सैल करून बोल्टावरच ठेवतो, वर लाकडाचा तुकडा धरतो आणि मगच ठोकतो.

स्लीव्ह अंगठ्याने ढकलून काढायची, तीही परातीवर. काही बेअरिंगांत सुया (बारीक, लांबट रोलर) मोकळ्या असतात, अंगणात सांडल्या की गेल्याच. (परात आईची नको. मी विचारलं नव्हतं, पुढचं सांगत नाही.) माझ्या स्लीव्हवर ग्रीसच्या जागी तपकिरीसारखी लाल भुकटी होती. स्लीव्ह डिझेलने धुऊन, पुसून तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय. स्लीव्ह आणि बेअरिंग दोन्ही बदला, नुसत्या ग्रीसने भागणार नाही. बेअरिंग बरं असेल तर ते ठोकून बाहेर काढायच्या फंदात पडू नका, आहे तिथेच साफ करा.

ग्रीस वॉटरप्रूफ, एनएलजीआय २ ग्रेडचं घ्या (हा आकडा ग्रीसच्या घट्टपणाचा). बोटाने सुयांच्या मधे दाबून भरा, सीलच्या ओठालाही लावा. बोल्टाच्या गुळगुळीत भागावर पातळ हात फिरवला की तो पुन्हा गंजून चिकटत नाही. आट्यांना मात्र नको. आटे बुळबुळीत झाले की टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, अंदाजपंचे नको.

वॉशिंग सेंटरवर पोऱ्याला आधीच सांगतो, प्रेशरची नळी मोनोशॉकच्या खाली रोखायची नाही.

फळ्या काढल्या, चाक उचलून पाहिलं. ‘टक्’ नाही. मग पाना घेऊन पुन्हा खाली बसलो, महिनाभर उगाच ताणलेली चेन सैल करायला.