दुपारी देवळं बंद असतात, त्याचं काय करायचं

तामिळनाडूत सॅक पाठीला लावून देवळं बघायला निघालात, तर नकाशाआधी घड्याळ बघा. साधारण साडेबारा ते चार बहुतेक देवळं बंद असतात. पहिल्या खेपेला मी चिदंबरमला नेमकी बाराला उतरले आणि नऊ किलोंची सॅक घेऊन गोपुराच्या सावलीबरोबर सरकत बसले. आता मी दुपारीच प्रवास करते. पहाटे देऊळ, अकराला केळीच्या पानावर जेवण, मग बस किंवा पॅसेंजर, आणि संध्याकाळच्या पूजेला पुढचं गाव.

चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर, तिरुचिरापल्ली ही एकाच रेल्वेमार्गावरची गावं, त्यामुळे हे सहज जमतं. कुंभकोणमला मात्र दोन रात्री राहा. दारासुरमचं देऊळ तिथून जेमतेम चार किलोमीटर. तिथलं कोरीव काम इतकं बारीक आहे, की घाईत बघितलं तर न बघितल्यासारखंच. उरलेल्या वेळात पितळी पेला-वाटीतली फिल्टर कॉफी. मी दिवसाला चार प्यायले, हिशेब कोण ठेवतो!

सॅकला छोटं कुलूप हवंच. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बिनकुलपाचं सामान घेत नाहीत, हे मला खिडकीपाशी पोचल्यावर कळलं. जाडे पायमोजेही घ्या. अनवाणी चालायचं असतं आणि अकरानंतर दगड तव्यासारखा तापतो. चपला सहज निघणाऱ्या असाव्यात, लेसचे बूट घरीच ठेवा. पुरुषांनी हाफ पँट विसरावी. एक वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, घ्या, रात्री पांघरायलाही होते.

तंजावरला बृहदीश्वराच्या विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, मान मोडेपर्यंत बघून झालं, की लगेच निघू नका. राजराज चोळाचं हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण झालं, पण आपल्यासाठी खरी गंमत पुढे आहे. तंजावरच्या मराठा गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास इथे भिंतीवर कोरून घेतला, तोही मराठीत! चार दिवस एकही पाटी वाचता आली नव्हती. तिथे मी एकेका अक्षरावर बोट फिरवल्यासारखी, पण हात न लावता, अर्धा तास उभी होते.

पुढे मदुराईला गेलात, तर मीनाक्षीच्या देवळात मोबाइल नेता येत नाही. तो बाहेर जमा करावा लागतो. लॉजचं नाव आणि रस्ता आधीच कागदावर लिहून ठेवा.