फास्ट चार्जिंग रेंगाळते आहे? या चुका टाळा

नवा फोन घेतला की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: खोक्यावर ६७ वॅट लिहिले आहे, तरी पूर्ण चार्ज व्हायला पाऊण तास लागतो. तक्रार करणाऱ्याचा भागाकार चुकलेला नसतो. ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीचे सरासरी व्होल्टेज ३.८५ धरले, तर तिच्यात साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, आणि १९ ला ६७ ने भागले की उत्तर १७ मिनिटांच्या आसपास येते. गफलत होते ती ६७ हा आकडा चार्जिंगभर कायम राहतो असे गृहीत धरण्यात. तो सर्वोच्च आकडा असतो आणि बहुधा सुरुवातीची काही मिनिटेच टिकतो.

लिथियम-आयन बॅटरी दोन टप्प्यांत भरली जाते. पहिल्या टप्प्यात तिच्यात मोठा प्रवाह सोडला जातो आणि तिचे व्होल्टेज चढत जाते. ते कमाल मर्यादेला, म्हणजे आजच्या अनेक फोनमध्ये प्रत्येक सेलमागे ४.४ व्होल्टच्या जवळपास, पोहोचले की दुसरा टप्पा सुरू होतो आणि त्यात व्होल्टेज तेवढेच राखून प्रवाह उतरवत नेला जातो. कळशी काठाशी आली की आपण नळ बारीक करतो, तसेच हे आहे. ॲपल कंपनीही आयफोन ८ पासून पुढच्या बहुतेक फोनबाबत ‘३० मिनिटांत ५० टक्क्यांपर्यंत’ असे सांगते. उरलेल्या ५० टक्क्यांबद्दल ती तेवढ्या उत्साहाने बोलत नाही.

म्हणून फोन हळू चार्ज होतो की नाही, याचा निवाडा ९० ते १०० टक्क्यांच्या वेळावरून करणे ही पहिली चूक आहे. फोन २० टक्क्यांवर असताना स्क्रीन बंद करून चार्जिंगला लावावा आणि ५० टक्के व्हायला किती मिनिटे लागली, ते घड्याळात पाहावे. हे ३० टक्के म्हणजे वरच्या उदाहरणातल्या बॅटरीत जेमतेम ६ वॅट-तास. एवढ्याला ४० मिनिटे लागली, तर बॅटरीत सरासरी ९ वॅटच पोहोचत आहेत, मग चार्जरवर काहीही छापलेले असो.

चार्जरचे वॅट पाहिले, भाषा पाहिली नाही

चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. ती अक्षरे पांढऱ्यावर करडी छापलेली असतात आणि चाळिशीनंतर ती वाचायला मोबाइलचाच कॅमेरा मोठा करून धरावा लागतो, हे खरे. पण निम्मे उत्तर तिथेच असते. ‘आउटपुट’ या शब्दापुढे ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर अशा जोड्या दिलेल्या असतात. जोडीतल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. पहिली जोडी १५ वॅटची, दुसरी २० वॅटची. फोन जोडल्याबरोबर चार्जर आणि फोन यांच्यात बोलणी होतात आणि दोघांनाही मान्य असलेली एक जोडी ठरते. ती ठरलीच नाही, तर दोघे ५ व्होल्टवर परत येतात आणि मोठ्या वॅटचा चार्जरही साध्या चार्जरसारखा वागू लागतो.

ही बोलणी कोणत्या भाषेत होतात, यावर सगळे अवलंबून असते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही त्यातली सर्वांत पसरलेली भाषा. तिच्यातच पीपीएस नावाचा एक प्रकार आहे, ज्यात फोन चार्जरकडे २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी नेमके हवे ते व्होल्टेज मागू शकतो; सॅमसंगच्या २५ आणि ४५ वॅटच्या ‘सुपर फास्ट’ चार्जिंगला हाच प्रकार लागतो. ओप्पोने २०१४ मध्ये आणलेल्या व्हूक तंत्राने वेगळी वाट धरली: व्होल्टेज ५ च्या आसपासच ठेवायचे आणि प्रवाह ४ अँपिअरपर्यंत वाढवायचा. त्यासाठी चार्जर आणि केबल दोन्ही त्याच घराण्यातली असावी लागतात. माझ्या भाचीने लॅपटॉपचा ६५ वॅटचा पीडी चार्जर आपल्या ८० वॅटच्या फोनला लावला आणि दोन तास वाट पाहून ‘मामा, फोन बिघडला’ असा फोन मला तिच्या आईच्या मोबाइलवरून केला. फोन धडधाकट होता. तो आपल्या कंपनीच्या भाषेत विचारत होता आणि चार्जर पीडीत उत्तर देत होता.

तेव्हा चार्जर घेताना फोनचे कमाल वॅट, त्याची भाषा आणि पीपीएस लागते का, या तिन्ही गोष्टी फोनच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्याव्यात. जास्त वॅटच्या चार्जरने फोन जळेल, ही भीती मात्र मनातून काढावी. चार्जर किती देऊ शकतो, हे तो सांगतो. किती घ्यायचे, हे फोन ठरवतो. धोका असतो तो रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या निनावी चार्जरचा. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण आणि तिच्यासोबतचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ज्याच्यावर नाही, तो चार्जर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

केबलला कोणी दोष देत नाही

सगळ्यांत जास्त वेळा दोषी ठरते ती केबल, आणि सगळ्यांत शेवटी तपासली जाते तीही केबलच. समजा, दोन मीटरच्या बारीक वायरचा जाऊन-येऊन रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, पाव ओहम आहे. तिच्यातून ३ अँपिअर नेले, तर ०.७५ व्होल्ट वाटेतच गळतात आणि सव्वादोन वॅटची उष्णता होते. ५ व्होल्टपैकी फोनपर्यंत सव्वाचारच पोहोचतात. फोनला हे कळते आणि तो स्वतःहून प्रवाह कमी करतो. तीच वायर ९ व्होल्ट २ अँपिअरवर अर्धाच व्होल्ट गमावते. जास्त व्होल्टेजची पद्धत रूढ होण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

टाइप-सीच्या दोन केबल दिसायला जुळ्या बहिणी असल्या, तरी ३ अँपिअरहून अधिक प्रवाह नेणाऱ्या केबलमध्ये आपली क्षमता सांगणारी एक चिप असावी लागते. ती नसेल, तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. सॅमसंगच्या ४५ वॅटसाठी ५ अँपिअरची केबल लागते, ती याचमुळे. दुसरा घोळ जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलचा. पीडी चालायला चार्जरच्या बाजूलाही टाइप-सी तोंड हवे. लायटनिंग पिनच्या, म्हणजे टाइप-सी येण्याआधीच्या, आयफोनला चौकोनी तोंडाची केबल लावली, तर तो १२ वॅटच्या वर जात नाही, चार्जर कितीही भारी असला तरी. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, खोक्यात चार्जर येणे बंद झाले. तेव्हा अनेकांनी कपाटातला जुना ५ वॅटचा पांढरा ठोकळा बाहेर काढला आणि तोच आजवर चालू आहे.

खापर विजेवर फोडू नये

‘आमच्याकडे लाइट कमी दाबाने येते’ हे कारण मी कितीदा ऐकले असेल, त्याला गणती नाही. त्याच चार्जरवर ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. म्हणजे घरातले व्होल्टेज २३० वरून १७० पर्यंत घसरले, पंखा मंदावला, तरी चार्जरच्या कामात फरक पडत नाही. फरक पडतो तो कुठे जोडले त्याने. संगणकाच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ठरलेल्या मापाने अर्धाच अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे पोर्टही याच जातीचे असतात. दोन-तीन तोंडांच्या चार्जरवर छापलेले ६५ वॅट हे एकाच तोंडाचे असतात. शेजारच्या तोंडात इअरफोनची डबी लावली, तरी बोलणी नव्याने होतात आणि फोनच्या वाट्याला ४५ किंवा त्याहूनही कमी येतात.

उन्हाळा, उशी आणि फ्रीज

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगते. या दोन आकड्यांतच नागपूरच्या दुपारच्या चार्जिंगची कथा आली. बॅटरी तापलेली असताना मोठा प्रवाह रेटला, तर तिच्या आतील रासायनिक झीज वेगाने होते, म्हणून फोन आधी प्रवाह कमी करतो आणि तरीही पारा उतरला नाही, तर चार्जिंग थांबवतो. मालकाला हा बिघाड वाटतो, पण फोन स्वतःला वाचवत असतो.

यात आपण भर घालतो ती अशी: जाड रबरी कव्हर तसेच ठेवून फोन गादीवर, उशीच्या कुशीत चार्जिंगला लावायचा आणि वर व्हिडिओ पाहत बसायचे. गेम किंवा व्हिडिओ कॉल चालू असेल, तर आलेल्या विजेतला काही वाटा तिथेच खर्च होतो आणि वरून प्रोसेसरची उष्णता बॅटरीला मिळते. काही फोन तर स्क्रीन सुरू असताना सर्वोच्च वेग देतच नाहीत. गाडीच्या काचेमागे, उन्हात, नकाशा लावून केलेले चार्जिंग म्हणजे या सगळ्याची बेरीज. वायरलेस चार्जिंगमध्ये ऊर्जेचा बराच भाग उष्णता होऊन जातो, त्यामुळे घाईच्या वेळी त्याचा आग्रह धरू नये. उपाय साधा आहे: कव्हर काढावे, फोन फरशीवर किंवा लाकडी टेबलावर पंख्याखाली पालथा ठेवावा. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. बाहेर काढल्यावर थंड फोनवर, आणि प्रसंगी आतही, दव जमते. म्हणजे उष्णतेचा प्रश्न पाण्यावर नेऊन ठेवला. शून्याखालच्या थंडीतही चार्जिंग मंदावते किंवा थांबते, हे लेहला निघालेल्यांनी आणि कॅनडातल्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे.

८० टक्क्यांवर थांबलेला फोन

रात्री लावलेला फोन पहाटे ८० टक्क्यांवरच दिसला, की बरेचजण थेट दुकान गाठतात. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय आहे की फोन आपली उठण्याची वेळ ओळखून उरलेले २० टक्के त्या सुमारास भरतो, किंवा आपण सांगितले असेल तर ८० च्या पुढे जातच नाही. सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर हे दिसते. प्रवासाला निघताना ते तेवढ्यापुरते बंद करावे. एरवी चालू राहू द्यावे.

पिन आणि पोर्ट

माझ्या मोठ्या भावाच्या फोनची पिन किंचित बाहेर राहत होती आणि चार्जिंग हात लावला की सुटत होते. दुकानदाराने पोर्ट बदलायला सांगितले होते. फोन बंद करून, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकने पोर्टच्या तळाशी हलकेच कोरले, तर खिशातल्या कापसाचा दाबून घट्ट झालेला, गोधडीच्या तुकड्यासारखा करडा थर निघाला. त्यानंतर पिन ‘टक्’ करून बसली. हे काम सुईने किंवा टाचणीने करू नये. मधली पातळ पट्टी आणि तिच्यावरचे सोनेरी स्पर्शबिंदू ओरखडतात आणि मग खरोखरच पोर्ट बदलावा लागतो.

कोकणातल्या पावसात ‘पोर्टमध्ये ओलावा आहे’ अशी सूचना आली, तर चार्जिंग लगेच काढावे, पोर्ट खाली धरून फोन हातावर हलकेच आपटावा आणि वारा लागेल अशा कोरड्या जागी किमान अर्धा तास ठेवावा; पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. ॲपलनेच तो नाकारला आहे, कारण तांदळाचे बारीक कण आत शिरतात.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी केबल, मग चार्जर, मग भिंतीचा सॉकेट, आणि दर वेळी २० ते ५० टक्क्यांची तीच चाचणी. चार्जर आणि केबल बदलण्यासाठी त्याच कंपनीचा फोन वापरणारा शेजारी गाठला, तर पैसे खर्च न होता उत्तर मिळते. सगळे बदलूनही वेळ तोच आला, तर बॅटरीचे वय पाहावे. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर (एकूण १०० टक्के क्षमतेइतकी वीज वापरली की एक आवर्तन) मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, आणि आयफोन १५ पासून १,००० आवर्तनांनंतर, असे ॲपलचे माप आहे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे ती कमाल व्होल्टेजला लवकर पोहोचते आणि प्रवाह उतरवण्याचा दुसरा टप्पा आधीच सुरू होतो. अशा फोनला नवा चार्जर घेणे म्हणजे पैसे पाण्यात. बॅटरीच बदलून घ्यावी. आणि मागचे झाकण फुगून उचललेले दिसले, स्क्रीनच्या कडेला फट पडली, तर तो फोन कोणत्याही चार्जरला लावू नये, बॅटरी टोचून पाहू नये, आणि तो तसाच सेवा केंद्रात द्यावा.