कलेसाठी अनुदान मागताना : ठाणे-नवी मुंबईतील संस्था आणि कलावंतांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतील नाट्यसंस्था, संगीत मंडळे, भजनी मंडळे आणि नृत्यवर्ग यांचा खर्च बहुतांशी वर्गणी, तिकीटविक्री, स्मरणिकेतील जाहिराती आणि पदाधिकाऱ्यांचा स्वतःचा खिसा यांतून भागतो. अनुदान ओळखीपाळखीवर मिळते, असा समज असल्यामुळे अनेक चांगल्या संस्था अर्जच करत नाहीत. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे : अर्ज भरण्याच्या आठवड्यात ज्या गोष्टींची धावाधाव होते, त्यांची तयारी किमान वर्षभर आधी सुरू व्हायला हवी.

पहिला प्रश्न हा की, पैसे मागणार कोण, व्यक्ती की संस्था? संस्थेसाठीच्या जवळजवळ सर्व योजनांना नोंदणी लागते. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदणी करण्याची पद्धत आहे. नोंदणी जुनी असली तरी निश्चिंत राहू नये. कार्यकारिणी बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल झालेला नसेल, तर कागदोपत्री अध्यक्ष एक आणि अर्जावर सही दुसऱ्याचीच, अशी स्थिती होते. वीस-पंचवीस वर्षे निष्ठेने काम करणारी मंडळेही इथेच अडतात. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, संस्थेच्या नावाचे पॅन आणि बँक खाते, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरील नोंदणी आणि प्राप्तिकर सवलतीसाठीच्या, १२ए व ८०जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या एका फाइलमध्ये आणि स्कॅन करून संगणकावरही ठेवाव्यात. यांतील प्रत्येक कागद प्रत्येक योजनेला लागत नाही, पण ऐन वेळी मिळवता येईल असा त्यांत एकही नाही.

त्यानंतर योजनेची निवड. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत अनेक उपयोजना आहेत आणि त्यांचे हेतू वेगवेगळे आहेत. महोत्सव, नाट्यनिर्मिती, परिसंवाद किंवा प्रदर्शन यांसाठीच्या उपयोजनेत साधारणपणे ५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. गुरू-शिष्य परंपरेने नियमित शिक्षण आणि सादरीकरण करणाऱ्या संस्थांसाठी रेपर्टरी अनुदान आहे आणि त्यात गुरू व शिष्य या दोघांनाही मासिक साहाय्य मिळते. एखाद्या ठाण्यातील पखवाजवर्गाने वार्षिक उत्सवासाठी रेपर्टरी अनुदान मागितले किंवा वर्षभराच्या शिक्षणासाठी महोत्सवाचे अनुदान मागितले, तर काम कितीही उत्तम असले तरी तो अर्ज चुकीच्या दारात उभा राहतो. मार्गदर्शक सूचना दर काही वर्षांनी सुधारल्या जातात, त्यामुळे मागच्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून नवा भरण्याआधी चालू वर्षाच्या सूचना संपूर्ण वाचाव्यात.

व्यक्तिगत कलावंतांसाठीच्या वाटा तुलनेने सरळ आहेत. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलावंत शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे. त्यापुढे २५ ते ४० या वयोगटासाठी कनिष्ठ आणि ४० वर्षांवरील कलावंतांसाठी वरिष्ठ फेलोशिप असते. या दोन्ही फेलोशिप दोन वर्षांच्या असून त्यांत अनुक्रमे दरमहा १०,००० आणि २०,००० रुपये मिळतात. ज्येष्ठ आणि आर्थिक अडचणीतील कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. शहापूर-मुरबाडकडील किंवा नवी मुंबईच्या कोळीवाड्यांतील अनेक वयस्क लोककलावंत केवळ कलेचे पुरावे जपून न ठेवल्यामुळे तिच्यापासून दूर राहतात. जुनी निमंत्रणपत्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे तारीखवार लावून देण्याचे काम घरातील किंवा मंडळातील तरुणांनी आपणहून हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खासगी संस्थांपैकी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिथे भारतीय भाषांत अर्ज करता येतो. दिवाळे कोळीवाड्यातील लग्नगीतांचे संशोधन करू इच्छिणाऱ्याने ते इंग्रजीत ओढूनताणून मांडण्याऐवजी मराठीत नेमकेपणाने मांडावे. त्या गीतांचे शब्द, प्रसंग आणि गाणाऱ्या बायका यांच्याविषयी अर्जदाराला जे ठाऊक आहे, ते त्याच्या स्वतःच्या भाषेतच पुरतेपणी उतरते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्या भरपूर असल्याने त्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या, निधीकडे सर्वांचे लक्ष असते. कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची सातमध्ये कला आणि संस्कृतीचे संवर्धन, तसेच पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास यांचा स्पष्ट समावेश आहे. कायद्याच्या निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित असते. मात्र एका संध्याकाळचा कार्यक्रम किंवा पुरस्कार सोहळा असा एकवेळचा उपक्रम सीएसआरमध्ये धरला जात नाही, हे शासनाने २०१४ मध्येच परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. म्हणून विष्णुदास भावे नाट्यगृहातील एका प्रयोगासाठी प्रायोजक हवा असेल, तर तो कंपनीच्या जाहिरात विभागाकडे मागावा. सीएसआर विभागाकडे जाताना महापालिका शाळांतील वर्षभराचे नाट्यशिक्षण किंवा वारली चित्रकारांसाठीची प्रशिक्षणमाला असा सलग उपक्रम न्यावा. हा निधी स्वीकारणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचे पान अंदाजपत्रकाचे असते, असे मी मानतो. निवेदन सुंदर लिहिणारे पुष्कळ असतात, परंतु ‘इतर खर्च : एक लाख’ अशी एक ओळ परीक्षकाचा विश्वास घालवते. दोन अंकी नाटकाची निर्मिती असेल, तर तालमीच्या जागेचे भाडे किती दिवसांचे, गडकरी रंगायतनचे भाडे आणि अनामत किती, नेपथ्याचे साहित्य काय, प्रकाशयोजनाकाराचे मानधन किती, टेम्पोच्या फेऱ्या किती आणि चित्रीकरण कोण करणार, हे दरासह लिहावे आणि मोठ्या रकमांसाठी दरपत्रके जोडावीत. कलावंतांचे मानधन शून्य दाखवू नये. आपली मंडळी प्रेमाने विनामूल्य काम करतात हे खरे असले, तरी तो आकडा लिहिला नाही, तर त्या श्रमाचे मोल कोणत्याच अंदाजपत्रकात कधी येणार नाही. बहुतेक योजना संपूर्ण खर्च देत नसल्यामुळे संस्थेचा स्वतःचा वाटा कोठून येणार, हेही त्याच पानावर सांगावे.

उद्दिष्टे लिहिताना ‘कलेचा प्रसार’ असे शब्द टाळावेत. किती विद्यार्थी, कोणत्या वस्तीतले, आठवड्यातून किती तास आणि शेवटी त्यांच्या हाती काय येणार, एवढे सांगितले की काम डोळ्यांसमोर उभे राहते.

रक्कम मंजूर झाल्यावर ती अनेकदा हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता हिशेब सादर केल्यावरच मिळतो. तोवरचा खर्च कसा भागवायचा, याची सोय आधी करून ठेवावी. पैसे खात्यात येताच त्या प्रकल्पाची स्वतंत्र खातेवही उघडावी, मानधन शक्यतो बँकेतूनच द्यावे आणि प्रत्येक पावतीवर प्रकल्पाचे नाव लिहावे. प्रयोगाची दिनांकित छायाचित्रे आणि शिबिराची हजेरी त्याच दिवशी फाइलला लावावी. काम संपताच सनदी लेखापालाकडून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, घेऊन ते मुदतीत सादर करावे, कारण मागच्या अनुदानाचे प्रमाणपत्र थकलेले असेल, तर त्याच खात्याकडे केलेला पुढचा अर्ज अडून राहतो.