उचलीच्या वहीतून बाहेर पडताना

बीड आणि धाराशिवच्या वाड्या-वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा पुढच्या पाच-सहा महिन्यांची मजुरी उचल म्हणून, म्हणजे आगाऊ घेऊन, बहुधा आधीच खर्च झालेली असते. ही उचल, रेशनचे धान्य आणि अनुदानाचे हप्ते यांवर वर्ष निघते, परंतु पुढच्या दिवाळीत घर पुन्हा तेथेच उभे असते.

यातून बाहेर पडू पाहणाऱ्या कुटुंबाने प्रथम शंभर पानी वही करावी. डाव्या पानावर उचल किती, कधी आणि कशासाठी घेतली ते लिहावे. उजव्या पानावर रोजचे टन, खाडे आणि मुकादमाने, म्हणजे उचल देऊन टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, केलेली कपात. फडावरून आल्यावर कोपीतल्या (तात्पुरत्या झोपडीतल्या) उजेडात पाच मिनिटे पुरतात. हंगाम संपताना 'मागची बाकी' म्हणून सांगितला जाणारा आकडा पडताळण्यास याहून सोपे साधन नाही.

'कशासाठी' या रकान्यात लग्न, दवाखाना यांच्याबरोबर कंदुरीही, म्हणजे नवसाचे बोकड कापून घातलेले जेवणही, आढळते, आणि येथे श्रद्धेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. उचल घेऊन फेडलेला नवस घराला आणखी खोल नेतो. याउलट, गळ्यात माळ घालून दारू सोडलेल्या माणसाच्या घरी दर आठवड्याला रोकड शिल्लक राहते. तेरचे गोरोबाकाका माती तुडवताना नामात होते, त्यांनी चाक सोडले नव्हते. नवस फेडायचाच असेल तर तो नारळावर फेडावा, देव रागावत नाही.

सरकारी मदत नाकारण्यात शहाणपण नाही. प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मिळते आणि आधार जोडलेला असल्यास ते कारखान्याच्या गावीही उचलता येते. मात्र धान्यामुळे वाचलेला पैसा त्याच महिन्यात बचत गटात गेला पाहिजे, अन्यथा तो चहा-पुडीत मुरतो.

खरा निर्णय मुलांचा आहे. टोळीबरोबर गेलेले मूल सहा महिने बुडते आणि परतल्यावर वर्गात मागच्या बाकावर गप्प बसते; पुढच्या हंगामात त्याच्या हाती मोळी बांधायचे उसाचे वाढे येते, मग कोयता. त्यामुळे टोळी निघण्याच्या महिनाभर आधीच मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. या सोयीत मूल गावातच आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. घरी म्हातारे माणूस नसेल तर समाजकल्याणचे वसतिगृह किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहे पाहावीत. मुलीच्या बाबतीत आई-बाप कचरतात, ती भीती समजण्यासारखी आहे. वसतिगृह आधी डोळ्यांनी पाहून, तेथील बाईंशी बोलून मगच ठरवावे, परंतु भीतीपोटी तिचे लग्न उरकू नये.

दहावीनंतर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. निकालानंतर तहसीलमध्ये रांग लागते, म्हणून हे काम आधीच उरकावे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावा, आणि बँक खाते मुलाच्या स्वतःच्या आधारला जोडलेले आहे याची खात्री करावी. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वानवा होती, तेव्हा 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले. आज आयटीआयची वाट तालुक्यापर्यंत आली आहे.

पहिल्याच वर्षी उचल बंद होणार नाही. मुकादम दारात येण्यापूर्वी वही उघडून, गेल्या वर्षीची कोणती रक्कम टाळता आली असती ते पाहावे आणि तेवढी वजा करूनच आकडा सांगावा.