मुलांना स्वतःची गोष्ट सांगायला शिकवताना

गोव्यातल्या मराठी शाळांत वक्तृत्व, कथाकथन यांच्या स्पर्धा होतातच. पण तिथे बरीच मुलं बाईंनी लिहून दिलेलं पाठ म्हणतात. स्वतःची गोष्ट सांगायला शिकवायचं असेल तर कागद बाजूला ठेवा. पेडण्याकडचे दशावतारी नाटकवाले बघा. आख्यान कुठलं, कोण कधी येणार, एवढंच आधी ठरतं. संवाद उभ्या उभ्या सुचतात. पाचवी ते आठवीच्या मुलांनाही हीच रीत मानवते.

पहिल्या तासाला गोष्ट शोधा. ‘अविस्मरणीय प्रसंग सांग’ म्हणालात की निबंध ऐकावा लागेल. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना कोण कोणावर ओरडलं? फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली तेव्हा काय केलंस? कुठली थाप पचली नाही? सगळा मिळून तासाभरात आटोपलेला प्रसंग सगळ्यात बरा.

ऐकणाऱ्याला रडवलं की गोष्ट चांगली, असं मुलांना वाटू देऊ नका. जे सांगून झाल्यावर वर्गात बसायला अवघड वाटेल, ते सांगू नये, आणि नको म्हणायची मोकळीक शेवटच्या दिवसापर्यंत असावी. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलंच, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबरही जवळ असू द्या.

मग सांगाडा. चार चौकोन, चार चित्रं, कशीही काढलेली चालतील. शब्द लिहायचे नाहीत. ही चित्रं बघत मुलं जोडीदाराला गोष्ट सांगतील, दोन-तीन मिनिटांत. ऐकणाऱ्याने शेवटी एकच प्रश्न विचारायचा: ‘तेव्हा आजी कुठे उभी होती?’ असा. जोडीदार बदलून पुन्हा सांगायचं. तिसऱ्या खेपेपर्यंत फापटपसारा आपोआप गळतो. तुम्ही मध्ये पडून सुधारू नका, हे सगळ्यात कठीण.

आता संवाद, आणि इथे जरा रेंगाळा. निवेदन मराठीत असलं तरी घरची माणसं घरच्याच बोलीत बोलू देत. आजी दारातून ‘खंय गेल्लो रे तूं?’ म्हणत असेल तर तिच्या तोंडी ‘तू कुठे गेला होतास?’ घालून काय मिळणार? मूल आजीसारखं बोललं की मान, हात, कंबर सगळं आजीचं होतं. अभिनय वेगळा शिकवावा लागत नाही. मात्र नक्कल चिडवण्यापर्यंत जाऊ लागली तर तिथेच थांबवा.

पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करून घ्या. सुरुवात थेट प्रसंगात. ‘माननीय व्यासपीठ’ नको. शेवटी ‘यावरून मला असा बोध मिळाला’ हे मुलं सवयीने जोडतातच, ते कापा.

उभं राहायला एक जागा ठरवून द्या. येरझाऱ्या घालणारं मूल बहुधा घाबरलेलं असतं. गोष्ट विसरली तर थांबून श्वास घ्यायचा, मनात पुढचं चित्र बघायचं, माफी मागायची नाही.

सादरीकरण वर्गातच, अर्धवर्तुळात, माइकशिवाय ठेवा. जुलैत पत्र्यावरचा पाऊस कोणालाच बोलू देत नाही, म्हणून चवथीच्या सुट्टीनंतरचा दिवस धरा. गुण, नंबर नकोत. ऐकणाऱ्यांनी ‘मला अमुक दिसलं’ एवढंच सांगायचं. पहिली गोष्ट शिक्षकांनी स्वतःची सांगावी, आणि ती फार झकास नसावी.