४ ऑक्टोबरला वर्गात जाताना: भीती घेऊन काय करायचं

हे शिक्षकांसाठी तेव्हा लिहिलं, जेव्हा कोरोनामुळे बंद असलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडणार होत्या. गावाकडे पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. मार्च २०२० पासून बहुतेक काळ बंद असलेले वर्ग झाडायला निघाले आणि स्टाफच्या ग्रुपवर एकच सूर लागला: घरी सासूबाई आहेत, मला बीपी आहे, पोरांना तर लसच नाही. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, शुगर मलाही आहे. त्यामुळे घाबरू नका असं मी सांगणार नाही. पण ती भीती ग्रुपवर फिरवण्यापेक्षा पुढच्या कामांत घाला.

आधी खिडक्या. शाळेने सॅनिटायझरचे कॅन आणलेत, बाक पुसायला हायपोक्लोराइट आणलंय. छानच. पण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, आणि बंद खोलीत बाक कितीही चकचकीत असले तरी हवा तीच राहते. एक दिवस रिकाम्या वर्गात जा, मागच्या बाकावर उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते बघा. आमच्या नववीच्या वर्गात तो छतापाशी जाऊन तिथेच घुटमळला. मागच्या दोन खिडक्या गंजून घट्ट बसल्या होत्या. शिपाईमामांनी रॉकेल आणि पक्कड घेऊन त्या उघडल्या, समोरचं दार उघडं ठेवलं, तेव्हा धूर सरळ व्हरांड्यात निघाला. खिडकी उघडतच नसेल तर दुसरा वर्ग मागा. पाऊस आत येईल म्हणून कोणी बंद करायला लागलं तर बाक आत सरकवा, खिडकी तशीच राहू द्या.

मास्क एन-९५ घ्या, शक्यतो डोक्यामागून पट्टे जाणारा. चष्मा असेल तर परीक्षा सोपी आहे: काचांवर वाफ धरली की नाकापाशी फट आहे, तिथली पट्टी दाबा. मास्क लावून पाच तास ओरडायचं म्हणजे घसा बसणारच, आणि जोरात बोललं की तोंडातून जास्त कण बाहेर पडतात. कमरेला लावायचा छोटा माईक वर्गणी काढून घ्या, आलटून पालटून वापरा. फळ्यावर जास्त लिहा. हजेरी ओरडून घेऊ नका, एका बाकावर एकच मूल आहे, नजरेनेच होते. परिपाठ वर्गातच, आणि प्रार्थना मनातल्या मनात.

आता जे कुणाला ऐकायला आवडत नाही ते. मला वर्गापेक्षा स्टाफरूमची जास्त भीती वाटते. वर्गात मास्क असतो. मधल्या सुट्टीत सगळे टेबलाभोवती बसतात, मास्क खाली, चहा, डबा, एकमेकांची भाजी, वर गप्पा. डबा व्हरांड्यात किंवा झाडाखाली खा, अंतर ठेवून. शिष्ट म्हणतील, म्हणू द्या.

वह्या तपासायला घाबरू नका, नंतर साबणाने हात धुतले की पुरे.

कागदाचं काम याच आठवड्यात उरका. लसीचा दुसरा डोस राहिला असेल तर तारीख बघा. कोविशील्डला २०२१ मध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं, आणि दुसऱ्या डोसनंतरही साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं, म्हणून आवक क्रमांक घालून पोच घ्या. 'मला वर्ग नको' असं मोघम लिहू नका. 'हवेशीर खोली मिळावी, गर्दीच्या वेळी गेटवर थर्मल गनची ड्यूटी देऊ नये' असं नेमकं मागा. नेमकं मागितलं की नाही म्हणणं अवघड जातं.

पालकांचं संमतिपत्र घेताना त्याच कागदावर दिवसा उचलला जाईल असा फोन नंबर घ्या. शेतात गेलेल्या बापाचा फोन घरात वाजत असतो, म्हणून शेजाऱ्याचाही घ्या. मुलाला ताप-खोकला दिसला तर चारचौघांत विचारू नका. त्याला व्हरांड्यात बसवा, पाणी द्या, घरी कळवा.

आणि सकाळी तुमचाच घसा दुखत असेल तर रजा टाका, टेस्ट करा. पोर्शन मागे पडेल म्हणून शाळेत येऊ नका. दीड वर्षाचा पोर्शन तसाही मागे आहे.