घडीची कड मानेकडे

पुण्यातल्या आमच्या योगवर्गात मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी आसनाआधी ब्लँकेटची घडी घालायला शिकवली. चारही टोकं जुळवायची, मधली सुरकुती तळहाताने बाहेर काढायची आणि ढिगात ठेवताना दुमडीची बाजू सगळ्यांची एकीकडे आली पाहिजे. मला वाटलं, टापटिपीची आवड असेल बाईंना.

दोन महिन्यांनी सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर उलटं उभं राहायचं आसन, सुरू झालं तेव्हा त्या घडीचा अर्थ कळला. तीन-चार घड्या एकावर एक रचून त्यांवर खांदे टेकवायचे, डोकं मात्र खाली जमिनीवर. दुमडीची गोल, एकसंध कड मानेकडे. सुटी टोकं पलीकडे. मग मान मोकळी राहते, भार खांद्यांवर आणि दंडांवर येतो, मानेच्या सात मणक्यांवर चढत नाही. घडीत एक सुरकुती राहिली तर एक खांदा वर, दुसरा खाली. आणि ती घडी कालच्या बॅचमधल्या कुणीतरी घातलेली असते, तुम्ही तिच्यावर डोळे मिटून मान सोपवता. तेव्हापासून योगवर्गातली कुठलीही शिस्त मला नुसती शिस्त वाटलेली नाही. तिच्याखाली कुणाची तरी मान नाहीतर गुडघा असतो.

ब्लँकेट, पट्टे, लाकडी विटा, भिंतीतले दोर हे सगळं पुण्याला नवीन नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली इथे शिकवायला आले आणि १९७५ पासून मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेतून ही पद्धत जगभर गेली. आमच्या बाई त्याच परंपरेत शिकलेल्या. तुमच्या गावातल्या वर्गात कदाचित फक्त सतरंजी असेल. हरकत नाही. पुढे लिहिलंय ते सतरंजीवरही तितकंच लागू आहे.

गेली सहा वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने येणाऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं मी त्यांच्याजवळ बसते आणि एकच गोष्ट काढून घ्यायचा प्रयत्न करते: शरीराबद्दल जे माहीत आहे ते सांगा. "काही त्रास आहे का?" असं विचारलं की दहातले नऊ जण "काही नाही" म्हणतात. म्हणून मी आता तसं विचारतच नाही. गेल्या वर्षी एक काकू आल्या, साठीच्या पुढच्या, उत्साही. बीपी नाही, शुगर नाही, गुडघे उत्तम. मी विचारलं, "सकाळपासून रात्रीपर्यंत कुठलं औषध घेता?"

"छे गं. रात्री डोळ्यांत थेंब घालते तेवढेच."

"कसले थेंब?"

"काचबिंदूचे. पण त्याचा योगाशी काय संबंध?"

संबंध फार मोठा आहे. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदूत नेमका तोच वाढू द्यायचा नसतो. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, अगदी हातपाय जमिनीवर ठेवून कंबर वर उचलायचं अधोमुख श्वानासनसुद्धा त्यांच्यासाठी नाही. काकू त्या दिवशी गप्प राहिल्या असत्या तर बाईंना कळण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. शिक्षकाला तुमचा खांदा वर आलेला दिसतो, गुडघा वळलेला दिसतो. डोळ्यातला दाब दिसत नाही.

बीपीचंही असंच. पुरुष मंडळी तर बीपी लपवतातच, हा माझा अनुभव आहे. गोळीने नियंत्रणात आहे म्हणजे आता नाहीच, असं धरून चालतात. बीपी असेल, हर्निया असेल, तर जोरजोरात कपालभाती करायची नाही, गरोदरपणातही नाही. नवशिक्यांनी श्वास कोंडून कुंभक करायचा नाही, कुणी टीव्हीवर कितीही सहज करून दाखवला तरी. मणक्याची गादी सरकलेली असेल तर पुढे वाकण्याच्या आसनांआधी सांगा. सिझेरियन किंवा पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर किती महिने झाले तेही सांगा, आणि डॉक्टरांना विचारून या. पाळी चालू असेल तर आमच्याकडे उलटी आसनं देत नाहीत. पुढे येऊन हळूच "बाई, आज मला वेगळं द्या" म्हणायचं. यात लाजण्यासारखं काहीही नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहाटे अगदी रिकाम्या पोटी यायचं की नाही, हेही डॉक्टरांशी ठरवून यावं. बाकीच्यांनी भरपेट जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यावेत.

हे इतकं कळकळीने सांगते कारण मी स्वतः गप्प राहिले होते. माझा दुसरा महिना होता, पाय पसरून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन चालू होतं. शेजारच्या मुलीचं कपाळ गुडघ्यांना टेकलेलं मला दिसलं. माझे हात पायाच्या अंगठ्यांपर्यंत पोचले होते, तिथे थांबायला हवं होतं. मी अंगठे घट्ट धरले आणि ओढलं. मांडीच्या मागे, अगदी वर, बसताना जे हाड टेकतं तिथे बारीकशी कळ आली. सुईसारखी, एकाच बिंदूत. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तेच आसन पुन्हा केलं, "मोकळं होईल" म्हणून. त्यानंतर चार महिने मला स्कूटरवर नीट बसता येत नव्हतं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

म्हणून ताण आणि दुखणं यांतला फरक पहिल्या आठवड्यात शिकून घ्या. ताण स्नायूच्या मध्यावर, पसरलेला असतो. श्वास सोडला की थोडा सैल होतो. दुखणं सांध्यात किंवा स्नायू हाडाला जिथे जुळतो तिथे, टोचल्यासारखं असतं आणि श्वासाने हलत नाही. मुंग्या येणं, बधिरपणा, चक्कर, छातीत दडपण यातलं काहीही झालं तर लगेच आसन सोडा आणि हात वर करा. सोडायचं म्हणजे धपकन नव्हे, ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत या.

गुडघ्याबद्दल वेगळं सांगते. पद्मासनाचा मोह सगळ्यांना असतो. पण गुडघा हा मुख्यतः बिजागरी आहे. मांडी बाहेर वळते ती खुब्यातून. खुबा आखडलेला असताना पाय हाताने ओढून मांडीवर ठेवला की ती सगळी पिरगळ गुडघ्यात जाते. खुबे मोकळे होईपर्यंत सुखासन (साधी मांडी), बद्धकोणासन (तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडायचे) यांवर थांबा, उंच बसायला खाली घडी घ्या. योगसूत्रांत पतंजलींनी आसनाची खूण 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, एवढीच दिली आहे. दात-ओठ खाऊन घातलेली मांडी त्यात बसत नाही. आणि सर्वांगासनात असताना कुणीही हाक मारली, दारावर कुणीही आलं, तरी मान वळवायची नाही. हे मी प्रत्येकाकडून तीनदा म्हणवून घेते.

बाकीचं थोडक्यात. अनवाणी या, मोज्यांनी पाय घसरतो. घड्याळ, बांगड्या, चष्मा, लांब कानातलं काढून पिशवीत. फार ढगळ शर्ट नको, उलटं झाल्यावर तोंडावर येतो. अत्तर नको, प्राणायामात शेजाऱ्याला त्रास होतो. मोबाईल बंद, थरथरणारा मोबाईल लाकडी फरशीवर शांततेत केवढा वाजतो ते शवासनात कळतं. उशीर झाला तर प्रार्थना संपेपर्यंत दाराशी उभं राहा आणि आत आल्यावर थेट चालू आसनात शिरू नका, अंग गरम झालेलं नसतं. मागे बसून बाईंच्या नजरेची वाट पाहा. शेजाऱ्याला सुधारायला जाऊ नका. त्याच्या खांद्याचं जुनं दुखणं तुम्हाला माहीत नसतं.

शिक्षक अंगाला हात लावून दुरुस्त करतात. चांगले शिक्षक आधी विचारतात. नको असेल तर "तोंडी सांगा" म्हणा, कारण द्यावं लागत नाही. एवढं म्हटल्यावर ज्या वर्गात तोंडं वाकडी होतात तिथे पुन्हा जाऊ नका, मग शिक्षक कितीही नावाजलेला असो.

घाई असेल तर शवासनाआधी निघा, मधून उठू नका. पूर्ण थांबलात तर उठताना आधी गुडघे दुमडा, उजव्या कुशीवर वळा, दोन-तीन श्वास तिथेच राहा, मग हाताचा आधार घेऊन बसा; डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या. एकदम उठल्याने चक्कर येऊन पडलेले मी पाहिले आहेत. मग घडी घाला.

आणि पहिल्या दिवशी येताना औषधांच्या पट्ट्या आणि थेंबांच्या बाटल्या पिशवीत टाकून आणा. नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.